इंग्रजी, मोबाईल आणि आईचे कान

कोणी भाकरी थापत असेल, कोणी आत्ताच रानातून येऊन टेकली असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या.

एरवी मी तुमच्याशी बचत, कर्ज, हप्ता, बँकेचं कामकाज याबद्दल बोलते. आज मुलांच्या इंग्रजीबद्दल बोलणार आहे. पण सुरुवात कर्जाच्या वहीपासूनच करते, कारण हा विषय मला त्या वहीतच सापडला.

गेल्या वर्षी जूनमध्ये एका गटाच्या बैठकीला बसले होते. पाच जणींनी अंतर्गत कर्ज मागितलं होतं. एकीला शेळी घ्यायची होती, एकीला बियाणं आणि खत, एकीला दवाखाना. उरलेल्या दोघींना शाळेची फी. त्यातली एक ताई म्हणाली, मला 16,000 पाहिजेत. तिचा मुलगा तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो, तेव्हा दुसरीत गेला होता. फी, गणवेश, पुस्तकं आणि गाडीभाडं मिळून 16,000. आदल्या वर्षीच्या कर्जाचे दोन हप्ते अजून फिटायचे होते. वर ती म्हणाली, "आणखी 4,000 जमले तर द्या. त्याला शिकवणी लावायची आहे."

मी विचारलं, "इतकी फी भरून शिकवणी कशाला गं?"

तिने पिशवीतून पोराची डायरी काढली आणि माझ्यापुढे धरली. "बाईंनी काहीतरी लिहून दिलंय. आमच्या घरात कोणाला वाचता येत नाही. तूच बघ."

मी वाचलं. इंग्रजीत दोन ओळी होत्या. मुलगा वर्गात बोलत नाही, घरी लक्ष द्या, एवढाच त्याचा अर्थ. तिला सांगितलं तर ती बघतच राहिली. "हा बोलत नाही? घरी तर याच्या तोंडाला कुलूप लावायची वेळ येते!"

तिची थोरली मुलगी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत होती. तिच्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "तिचं काय, ती आहे गावातच." हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

आता कर्ज द्यायचं की नाही हे गट ठरवतो. मी समन्वयक, माझं काम नियम सांगायचं. गटाने 16,000 मंजूर केले. शिकवणीच्या पैशांचं दिवाळीनंतर बघू असं ठरलं. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या गटात व्याज महिना शेकडा दोन. म्हणजे ही बाई पहिल्या महिन्याला 320 रुपये नुसतं व्याज भरणार, आणि पोरगं वर्गात गप्प बसणार.

त्या गप्प बसण्याशी माझीही जुनी ओळख आहे, म्हणून जास्त लागलं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. आपल्या राज्यात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली, म्हणजे मी साधारण पाचवीला गेले तेव्हा. आम्ही इंग्रजी कसं शिकलो? एल-ई-ए-एफ लीफ, लीफ म्हणजे पान. सगळा वर्ग एका सुरात. स्पेलिंग चुकलं की छडी. पुढे बी.ए. झाले, इंग्रजीचा पेपर गाईड वाचून काढला. पण जिल्ह्याला एका प्रशिक्षणात एक पाहुण्या बाई माझ्याशी इंग्रजीत बोलल्या, तर माझ्या तोंडून साधं नाव निघेना. शब्द डोक्यात होते, जिभेवर येत नव्हते. कारण बारा वर्षांत मी इंग्रजी कधी कोणाशी बोललेच नव्हते, आणि नीट ऐकलंही नव्हतं.

आपलं लेकरू मराठी कसं शिकतं ते आठवा. आधी वर्षभर नुसतं ऐकतं. मग "पाणी"ला "पापा" म्हणतं, आपण हसतो, त्याला उचलून घेतो, आणि परत परत बोलायला लावतो. आधी कान, मग तोंड, मग कितीतरी वर्षांनी वाचणं आणि लिहिणं. इंग्रजीच्या बाबतीत आपण उलटं करतो. पहिल्याच दिवशी अक्षरं आणि स्पेलिंग. ऐकायला काही नाही, आणि चुकीचं बोललं की हसू किंवा मार. मग पोरगं तोंड मिटून घेतं. शाळा मराठी माध्यमाची असो की इंग्रजी, तोंड मिटलं की भाषा थांबली.

आता यात मोबाईल कुठे येतो? आपण मोबाईलला शिव्या देतो, आणि त्या बऱ्याचदा बरोबरही असतात. पण त्या छोट्या डबीला दोन गोष्टी फार चांगल्या येतात. एक, तीच गोष्ट ती शंभर वेळा न कंटाळता ऐकवते. दोन, ती ऐकते. पोरगं बोललं की ते साठवून ठेवते आणि परत वाजवून दाखवते. बास, या दोनच गोष्टींवर आम्ही आमचं काम उभं केलं.

आणि हे यंत्र म्हणजे मोबाईलच पाहिजे असंही नाही. तुम्ही आत्ता जे ऐकताय, त्या रेडिओनेही हे काम केलेलं आहे. आफ्रिकेतल्या केनिया देशात 1980 नंतरच्या काळात पहिली ते तिसरीच्या मुलांना रेडिओवरून इंग्रजी शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. रोज अर्ध्या तासाचा पाठ. त्याची खुबी अशी की रेडिओ नुसता बोलत नव्हता. तो प्रश्न विचारायचा आणि थांबायचा. त्या थांबलेल्या वेळात वर्गातली सगळी मुलं मोठ्याने उत्तर द्यायची. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा. मुलं नुसती ऐकून घेत नव्हती, पाठभर बोलत होती. ही थांबण्याची जागा फार महत्त्वाची आहे. आपलं पोर मोबाईलवर इंग्रजी गाणी बघतं म्हणून आपण खूश होतो, पण त्यात थांबण्याची जागा नसते. चित्रं धावतात, पोर तोंड उघडं ठेवून बघतं, बोलत काहीच नाही.

तर आम्ही काय केलं ते सांगते. गावच्या शाळेत दोनच शिक्षक आहेत, पहिली ते चौथी सगळी त्यांच्याकडे. तिथल्या मॅडमना जाऊन भेटलो. त्या म्हणाल्या, "मी वर्गात शिकवते, पण एकेका मुलाचं वाचन रोज ऐकायला मला वेळ पुरत नाही. तेवढं ऐकणारं कोणी मिळालं तर फार होईल." मग जुलैपासून समाजमंदिरात संध्याकाळी सात ते साडेसात मुलांना बसवायचं ठरलं. दर दिवशी गटातल्या दोघी हजर राहणार. तीन मोबाईल जमा झाले. माझा, अध्यक्ष ताईंचा आणि एका आजीच्या नातवाचा जुना.

पहिला आठवडा सगळा बिघडला. पोरांनी कार्टून लावलं, मग मारामारीचे खेळ लावले. दोन दिवसांत माझ्या मोबाईलचा डेटा संपला. मोठी पोरं मोबाईल हिसकावून घ्यायची, लहान पोरं आणि पोरी मागून डोकावायच्या. एक बाई तर माझ्यावर चिडली. "माझं पोर मोबाईलपासून लांब होतं, तूच त्याला लावलंस." तिचं खरं होतं. मी नुसते मोबाईल ठेवले होते, काम ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात नियम केले. मोबाईल मोठ्या बाईच्या हातात राहील. एका मोबाईलभोवती चारच मुलं. एका दिवशी एकच काम. आणि आठवड्यातले तीन दिवस सुरुवात मुलींनी करायची. मग गाडी रुळावर आली. आम्ही जी कामं केली त्यातली चार तुम्हाला सांगते. कोणत्याही गावात जमतील अशी आहेत.

पहिलं काम, धडा ऐकणं. बालभारतीच्या पुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनी ठसा असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. मोबाईलवर दीक्षा नावाचं सरकारी ॲप असतं. ते 2017 साली सुरू झालं, फुकट आहे. ते उघडून त्या ठशावर मोबाईल धरला की त्या पुस्तकाचा किंवा धड्याचा व्हिडिओ आणि इतर साहित्य मिळतं. आम्ही एक धडा घ्यायचो आणि एक वाक्य झालं की थांबवायचो. मुलांनी ते वाक्य म्हणायचं. परत सुरू, परत थांबवा. केनियाच्या रेडिओसारखं. ज्यांच्याकडे पुस्तक फाटलंय किंवा हरवलंय त्यांना बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तक फुकट उतरवून घेता येतं. एकदा उतरवलं की रोज डेटा लागत नाही.

यात एक गंमत झाली. सुरीला इंग्रजीत काय म्हणतात ते आमची पोरं "क्नाईफ" असं वाचायची, कारण स्पेलिंग के-एन-आय-एफ-ई. खरं सांगते, मलाही खात्री नव्हती. व्हिडिओत "नाईफ" ऐकलं तेव्हा एक पोरगी म्हणाली, "मग के कुठे गेला?" के तिथेच आहे, फक्त मुका आहे. हे पुस्तकात डोळ्यांनी वाचून कधीच कळलं नसतं.

दुसरं काम, मोबाईलला बोलून लिहायला लावणं. व्हॉट्सॲपवर लिहायला गेलं की कीबोर्डवर एक छोटं माईकचं चित्र दिसतं. भाषा इंग्रजी निवडायची, ते चित्र दाबायचं आणि बोलायचं. तुम्ही जे बोलाल ते मोबाईल इंग्रजीत लिहून दाखवतो. एका पोराने जहाज म्हणून "शिप" म्हटलं, पण ओढून म्हटलं, तर मोबाईलने मेंढी लिहिली. सगळे हसले, तोही हसला, आणि मेंढीचं जहाज होईपर्यंत त्याने आठ-दहा वेळा तो शब्द म्हटला. मला कोणी आठ वेळा म्हणायला लावलं असतं तर मी रडले असते. मोबाईलपुढे लाज वाटत नाही, हे त्याचं मोठं बळ आहे. एक सांगून ठेवते, मोबाईल कधी कधी चुकीचंही ऐकतो. गोंगाट असेल, आवाज बारीक असेल तर काहीतरी भलतंच लिहितो. तेव्हा पोराला चूक म्हणू नका. शांत जागी परत म्हणायला सांगा.

तिसरं काम, आवाज साठवणं. मोबाईलमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय असते. मुलाने चार ओळी वाचायच्या, त्या साठवायच्या आणि त्याला ऐकवायच्या. आपलाच आवाज ऐकून मुलं स्वतःच म्हणतात, "थांबा, मी परत वाचतो." पंधरा दिवसांनी तेच परत वाचायला लावा आणि दोन्ही आवाज एकापाठोपाठ ऐकवा. फरक त्याला स्वतःला कळतो. परीक्षेचे मार्क दाखवून जे होत नाही, ते यातून होतं.

चौथं काम, शब्द बघत गाणं म्हणणं. गाण्याचे बोल पडद्यावर खाली लिहून येतात ना, ते फुकट जात नाहीत. अहमदाबादच्या आयआयएम संस्थेतले ब्रिज कोठारी यांनी 1996 पासून यावर काम केलं. टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत बोल लिहून दाखवायचे, म्हणजे ज्यांना अडखळत वाचता येतं त्यांचा वाचनाचा सराव आपोआप होतो. गुजरातीत आणि हिंदीत दूरदर्शनच्या गाण्यांवर हा प्रयोग झाला. आम्ही तेच इंग्रजी बालगाण्यांना लावलं. ज्या गाण्याखाली बोल दिसतात तेच निवडायचं, बोलावर बोट ठेवून म्हणायचं.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी कामं करायची तर आईला इंग्रजी पाहिजे. मला येत नाही, मी काय तपासणार? हाच प्रश्न आमच्या गटातही आला. अध्यक्ष ताई तर म्हणाल्या, "मला सही सोडून काही येत नाही, मी तिथे बसून काय माशा मारू?"

त्यांना आम्ही एकच प्रश्न विचारायला शिकवलं. मुलाने इंग्रजी वाचलं की म्हणायचं, "आता मला मराठीत सांग, काय झालं त्या गोष्टीत?" पोराला सांगता आलं तर समजलं. नाही सांगता आलं तर ते पोपटासारखं वाचतंय, परत ऐकायला लावा. हे तपासायला इंग्रजी येण्याची गरज नाही. अडखळलं कुठे हे कानाला कळतं. आवाज बारीक झाला म्हणजे भीती वाटली, हे आईइतकं कोणाला कळणार? सही सोडून काही न येणाऱ्या अध्यक्ष ताई आमच्याकडच्या सगळ्यात कडक परीक्षक झाल्या. पोरं सांगतात, मॅडम सोडतील, पण अध्यक्ष आजी गोष्ट सांगितल्याशिवाय सोडत नाही.

आणि आपल्याला इंग्रजी येत नाही हेही पूर्ण खरं नाही. एका संध्याकाळी मुलांना काम दिलं. आई दिवसभरात जेवढे इंग्रजी शब्द बोलते तेवढे लिहून आणा. बघा काय काय आलं. लोन, बँक, पासबुक, चेक, मोटार, स्टार्टर, फ्यूज, पाईप, सिलेंडर, गॅस, कुकर, मिक्सर, टोमॅटो, फ्लॉवर, मार्केट, इंजेक्शन, सलाईन, ऑपरेशन, डिलिव्हरी, ब्लाऊज, कटिंग, चेन, मशीन, रेशन कार्ड. एका पोरीने एकट्या आपल्या आईचे पन्नासच्या वर शब्द आणले. मॅडमनी ते शब्द वर्गात फळ्यावर इंग्रजीत लिहून घेतले, मुलांनी त्यांची वाक्यं केली. पोरांना पहिल्यांदा वाटलं की इंग्रजी ही परक्याची वस्तू नाही, ती आपल्या आईच्या तोंडातही आहे. त्या आईलाही तसंच वाटलं.

आता त्या ताईकडे येते, डायरीवाल्या. तिच्या मुलीबद्दल ती म्हणाली होती, "ती आहे गावातच." तीच मुलगी पहिल्या दिवसापासून समाजमंदिरात यायची. घरी मोबाईल होता, पण तो बाप आणि भाऊ यांच्यासाठी. तिच्या हातात कधी दिला नव्हता. का, तर मुलीच्या जातीला मोबाईल कशाला. मैत्रिणींनो, हे फक्त त्यांच्या घरचं नाही. तुमच्या घरात संध्याकाळी मोबाईल कोणाच्या हातात असतो ते आज बघा. मुलगा खेळ खेळतो तेव्हा आपण म्हणतो हुशार आहे, आणि मुलीने हातात घेतला की म्हणतो ठेव तो, भांडी पडलीत. फी भरायची तर मुलाची, मोबाईल द्यायचा तर मुलाला. मग मुलीचं इंग्रजी कुठून येणार?

त्या मुलीने चार महिन्यांत काय केलं सांगते. आठवड्याला एक छोटी गोष्ट ऐकायची, वाचायची, साठवायची. घरी जाऊन तीच गोष्ट धाकट्या भावाला सांगायची. हावभाव करून, मध्येच थांबून, "आता तू म्हण" असं करून. तिने मोबाईलची पद्धत उचलली होती. भाऊ तिच्यापुढे बोलायला लागला, कारण ताई हसत नव्हती. एक दिवस ती ताई बैठकीत हसत हसत सांगायला लागली, "आमचं पोरगं गोठ्यात शेळीच्या करडाला म्हणत होतं, कम, कम, डोन्ट गो!" सगळ्या बायका हसल्या. मी हसले, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या तोंडून आपणहून निघालेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य होतं, आणि ते त्याला करडाशी बोलायला सुचलं.

पुढे तिने एक काम केलं ते मला सुचलं नसतं. बहीण-भावाचं बोलणं तिने मोबाईलवर साठवलं, तालुक्याला गेली आणि वर्गाच्या बाईंना ऐकवलं. म्हणाली, "बघा मॅडम, बोलतो तो. तुमच्यापुढे घाबरतो फक्त." त्या बाईही समजून घेणाऱ्या निघाल्या. चाळीस पोरांत एखादं गप्प पोर मागे राहून जातं हे त्यांनी कबूल केलं. आता त्याला पुढच्या बाकावर बसवतात, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारतात. तो अजून फार बोलत नाही. पण उत्तर देतो.

दिवाळीनंतर शिकवणीचे 4,000 द्यायचे का हा विषय निघाला, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या. त्याची शिकवणी घरातच आहे." शाळेचं कर्ज ती फेडतेच आहे, मुलगा त्याच शाळेत जातो. तो तिचा निर्णय. पण आता मुलीबद्दल कोणी विचारलं तर "ती आहे गावातच" असं म्हणत नाही. म्हणते, "ती शिकवते."

मी तुम्हाला खोटं चित्र दाखवणार नाही. आमची पोरं काही फडाफडा इंग्रजी बोलत नाहीत. पावसाळ्यात वीज जायची तेव्हा आठ-आठ दिवस खंड पडला. काही मुलं सुगीच्या दिवसांत यायची बंद झाली. लिहिणं, वाक्याची रचना हे शाळेत शिक्षकच शिकवतात, ते मोबाईलवर ढकलता येत नाही. पण मुलं तोंड उघडायला लागली. आणि त्याला पैसे फार लागले नाहीत.

यंत्रापेक्षा त्यामागचं माणूस महत्त्वाचं, हे सांगायला एक मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून त्यांनी मुलांना गोष्टी, कविता, धडे मोबाईलवर ऐकता-बघता येतील अशी सोय केली. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या यादीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ते शिकवत होते ती एका छोट्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा. आपल्या गावातली शाळाही तसलीच आहे. तिच्याकडे पाठ फिरवण्याआधी एकदा तिच्या दारात तरी जाऊ.

आणि तिथे नुसतं पाहुणी म्हणून जाऊ नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत चारांपैकी तीन सदस्य पालक असले पाहिजेत, आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. तुमच्यापैकी कितीजणींचं नाव त्या समितीत आहे आणि तुम्हाला ते माहीतच नाही? पुढच्या सभेला जा आणि साधे प्रश्न विचारा. शाळेला मिळालेला टीव्ही चालू आहे का? की कपाटात आहे? मी एक शाळा पाहिली, तिथे टीव्ही नवा कोरा, पण वीजबिल थकलं म्हणून जोडणी तोडलेली. टीव्हीवर धूळ, आणि पोरं घरी येऊन मोबाईलसाठी भांडतायत. वीजबिलाचा प्रश्न ग्रामसभेत मांडायला इंग्रजी लागत नाही.

शेवटी, या आठवड्यात करायच्या गोष्टी सांगते. वाटलं तर घरातल्या पोराला लिहून घ्यायला सांगा.

एक. दिवसातली पंधरा मिनिटं ठरवा. त्या वेळेत मोबाईल इंग्रजीसाठी, आणि मोबाईल आईच्या किंवा आजीच्या हातात. पंधरा मिनिटं झाली की बंद.

दोन. थांबवून ऐकवा. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, म्हणायचं.

तीन. मुलाचा आवाज साठवा आणि त्यालाच ऐकवा. पण मुलांचे आवाज आणि व्हिडिओ गावभरच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकू नका. ते घरासाठी आणि शिक्षकांसाठी आहेत. कोणतंही ॲप पैसे मागायला लागलं किंवा कोणी ओटीपी विचारला तर तिथेच थांबा.

चार. मराठीत विचारा, "काय झालं त्या गोष्टीत?" पोराचं उत्तर पूर्ण ऐका. मध्ये चूक काढू नका, हसू नका.

पाच. घरात मुलगी असेल तर आज पहिली पाळी तिची.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत फीसाठी कर्ज मागायची वेळ आली, तर मागा, तुमचा हक्क आहे. फक्त त्याआधी एक संध्याकाळ पोराशेजारी बसा, त्याला काहीतरी इंग्रजी वाचायला लावा आणि ऐका. तो गप्प आहे की बोलतोय हे आधी आपल्याला कळू द्या. मग पैसे कुठे घालायचे ते नीट ठरवता येतं.

तुमच्या गावात काही करून बघितलंत तर रेडिओवर येऊन सांगा. चुकलं असेल तर तेही सांगा, आमचा पहिला आठवडा मी सांगितलाच आहे. निघते आता. नमस्कार.